एका अक्षराची कुळकथा

गणिताच्या वहीत आपण रोज अधिकाचे चिन्ह काढतो. एक उभी रेघ, तिला मधोमध छेदणारी एक आडवी रेघ. झाले अधिकाचे चिन्ह! हे चिन्ह चीनमधील एखाद्या मुलाला दाखविले, तर तो लगेच म्हणेल, "हा तर दहाचा आकडा!" कारण चिनी लिपीत 'दहा' हा शब्द अगदी असाच लिहितात. आता कल्पना करा, की सुमारे बावीसशे वर्षांपूर्वीचा सम्राट अशोकाचा एखादा लेखनिक आपल्यासमोर उभा आहे. त्याला हे चिन्ह दाखविले, तर तो काय म्हणेल? तो क्षणाचाही विलंब न लावता म्हणेल, "हा क."

होय, आपल्या बाराखडीतील पहिले व्यंजन जे 'क', ते एके काळी असेच लिहिले जात असे. त्याला ना शिरोरेषा होती, ना डावीकडचे पोट, ना उजवीकडचा वळसा. दोन साध्या रेघांच्या त्या चिन्हापासून आजचा डौलदार 'क' कसा घडला, ही कथा मोठी मनोरंजक आहे. ती ऐकण्यासाठी आपल्याला फार दूर जावयास नको. आपल्या महाराष्ट्रातच, छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, अजिंठ्याच्या डोंगरात या कथेची काही पाने दगडावर कोरलेली आहेत.

वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे. त्या वळणाच्या उंच कड्यात तीस लेणी खोदलेली आहेत. त्यांतील भित्तिचित्रे पाहण्यासाठी देशोदेशीचे लोक येतात. चित्रांपुढे उभे राहून ते विस्मित होतात आणि परत जातात. परंतु त्याच लेण्यांत भिंतींवर, कमानींवर आणि खांबांवर जी अक्षरे आहेत, त्यांच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. चित्रे डोळ्यांना दिसतात. अक्षरे मात्र ओळखावी लागतात.

दहाव्या क्रमांकाचे लेणे हे येथील अतिशय जुन्या लेण्यांपैकी एक. ते चैत्यगृह आहे. आत खांबांच्या दोन रांगा आणि शेवटी भव्य स्तूप आहे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमारास ते खोदले गेले, असे मानतात. त्याच्या दर्शनी कमानीजवळच्या दगडावर एक छोटासा लेख कोरलेला आहे. लेखाची भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी. वासिष्ठीचा पुत्र कटहादि याने लेण्याचे 'घरमुख' दान दिले, एवढाच त्याचा आशय. घरमुख म्हणजे घराचे तोंड, अर्थात लेण्याचा दर्शनी भाग. कटहादि कोणत्या गावचा, काय उद्योग करणारा, हे लेखात सांगितलेले नाही. त्याने स्वतःची स्तुती केली नाही, की आपले वैभव वर्णिले नाही. आईचे नाव, आपले नाव आणि आपण दिलेली वस्तू एवढेच सांगून तो थांबला. त्याच्या नावाचे पहिले अक्षर आहे 'क', आणि ते लिहिले आहे अधिकाच्या चिन्हासारखे!

मुलांनो, येथे तुमच्या मनात एक प्रश्न आला असेल. ही लिपी तर शेकडो वर्षे कोणीच वापरीत नव्हते. मग हे चिन्ह 'क' आहे, हे कळले कसे? तीही एक बुद्धिचातुर्याची गोष्ट आहे.

काळ लोटत गेला, तशी अक्षरांची रूपे पालटत गेली, आणि अखेरीस ब्राह्मी वाचणारा एकही मनुष्य उरला नाही. दिल्लीच्या सुलतानांनी आणि बादशहांनी अशोकाच्या स्तंभांवरील लेख पाहिले होते. पण ते वाचून दाखविणारा त्यांना कोणी भेटला नाही. एकोणिसाव्या शतकात कलकत्त्याच्या टांकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा एक अधिकारी होता. नाण्यांचा कस पाहणे हे त्याचे काम. पण जुन्या लेखांचा त्याला विलक्षण छंद होता. त्याच्या आधी काही विद्वानांनी थोडीबहुत अक्षरे ताडली होती. परंतु सारी लिपी उलगडली नव्हती. १८३७ साली त्याच्याकडे सांचीच्या स्तूपाच्या कठड्यांवरील अनेक छोट्या लेखांचे ठसे आले. ते पाहता पाहता एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली. लेख निरनिराळे होते, पण पुष्कळशा लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येत होती, आणि त्यांतील दुसऱ्या अक्षराजवळ एक टिंब होते.

प्रिन्सेपने विचार केला: देवस्थानाच्या कठड्यावर, खांबाखांबावर, इतक्या निरनिराळ्या लोकांनी एकच शब्द का बरे कोरावा? लोक देवस्थानाला काय देतात? दान! तर मग ती दोन अक्षरे 'दानं' असली पाहिजेत. या शब्दाच्या अगोदर बहुधा एक ठराविक अक्षर येत होते. ते 'स' असावे. म्हणजे 'अमक्याचे दान' असा अर्थ जुळतो. अशा रीतीने 'द', 'न' आणि 'स' ही अक्षरे हाती लागली. कुलपाला किल्ली लागावी तसे झाले. एका अक्षरावरून दुसरे, दुसऱ्यावरून तिसरे असे करीत त्याने थोड्याच काळात सारी लिपी वाचली, आणि शेकडो वर्षे मुका राहिलेला अशोक पुन्हा बोलू लागला. अजिंठ्याचा तो कटहादीचा लेखही 'दानं' याच शब्दाने संपतो. कोणाही सामान्य माणसाने दिलेले दान किती फलदायी ठरेल, हे सांगता येत नाही. सांचीच्या दात्यांनी दगड दिला होता. त्यांच्या नकळत त्यांनी आपल्याला एक हरवलेली लिपीही परत दिली.

आता दहाव्या लेण्यातून बाहेर पडून आपण सोळाव्या लेण्याकडे जाऊ. अंतर थोड्याच पावलांचे आहे. पण या पावलांत आपण सुमारे सहाशे वर्षे ओलांडतो! हे लेणे वाकाटक राजा हरिषेण याच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने करविले आणि भिक्षुसंघाला अर्पण केले. हा काळ इसवी सनाच्या पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. ओसरीच्या बाहेरील भिंतीवर त्याचा मोठा संस्कृत लेख आहे. त्यात वाकाटक राजांची वंशावळ आहे आणि लेण्याचे सुंदर वर्णनही आहे. 'वाकाटक' या शब्दात 'क' हे अक्षर दोनदा येते. परंतु कटहादीच्या नावातील 'क' पाहून आलेल्या मनुष्याला हा 'क' सहजासहजी ओळखता येणार नाही.

काय पालट झाला आहे त्यात? आडवी रेघ पूर्वीसारखी ताठ राहिलेली नाही. ओझे वाहणाऱ्या मनुष्याचे दोन्ही हात खाली लवावेत, तशी तिची टोके खाली वळली आहेत. आणि उभ्या रेघेच्या माथ्यावर एक छोटी चौकोनी पेटी बसली आहे! केवळ 'क' वरच नव्हे, तर बहुतेक अक्षरांच्या डोक्यावर अशी पेटी आहे. म्हणून या लिपीला अभ्यासक 'पेटिकाशीर्षक' लिपी म्हणतात. वाकाटकांच्या ताम्रपटांवरही अशीच अक्षरे आढळतात. डोक्यावर पेटी घेऊन एका रांगेत चाललेल्या यात्रेकरूंप्रमाणे ती अक्षरे दिसतात.

अक्षरे अशी का बदलतात? त्यांना कोणी आज्ञा करीत नाही. ती बदलतात ती लिहिणाऱ्याच्या हातामुळे आणि हातातील साधनामुळे. छिन्नीला सरळ रेघ सोपी जाते. म्हणून दगडावरचा जुना 'क' ताठ आहे. पण लेखनिक रोजचे लेखन काही छिन्नीने करीत नसे. तो ताडपत्रावर किंवा भूर्जपत्रावर शाईने लिही. हात भरभर चालू लागला, की सरळ रेघेला बाक येतो. लेखणी टेकली, की आरंभी शाईचा एक ठिपका उमटतो. तो ठिपका पुढे अक्षराचा दागिना होतो. दगडावर लेख कोरण्यापूर्वीही लेखनिक आधी अक्षरे आखून देई, आणि पाथरवट त्यांवरून छिन्नी चालवी. त्यामुळे लेखणीचे वळण दगडावर उतरले. आपल्या अक्षरांच्या माथ्यावरची शिरोरेषादेखील अशाच छोट्या डोक्यांपासून वाढत वाढत तयार झाली, असे अभ्यासक मानतात.

अजिंठ्यात अक्षरे केवळ कोरलेलीच आहेत असे नाही. रंगात बुडविलेल्या कुंचल्यानेही ती लिहिलेली आहेत. सतराव्या लेण्यात शिबिराजाच्या त्यागाची कथा रंगविली आहे. तेथे राजाचे नाव चित्रातच लिहिले आहे. दुसऱ्या लेण्यात आर्यशूराच्या 'जातकमाला' या ग्रंथातील श्लोक चित्राजवळ लिहिलेले आहेत. ज्या कुंचल्याने राजाचे डोळे रंगविले, त्याच प्रकारच्या कुंचल्याने त्याचे नावही लिहिले गेले. चित्रकला आणि अक्षरकला या तेथे सख्ख्या बहिणींसारख्या नांदल्या.

अक्षरांची ही वळणे बारकाईने ओळखण्याचा उपयोग तरी काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोळाव्या लेण्यातील त्याच लेखाने दिलेले आहे. हा लेख पावसापाण्याने पुष्कळ झिजला आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड, पंडित भगवानलाल इंद्रजी अशा थोर संशोधकांनी अजिंठ्याच्या लेखांवर परिश्रम केले. साधने अपुरी असताना त्यांनी केलेले काम अचंबा वाटावा असेच आहे. परंतु झिजलेल्या दगडाने त्या काळच्या पंडितांना एके ठिकाणी चकविले. पहिल्या प्रवरसेन राजाच्या मागून आलेल्या राजाचे नाव त्यांनी 'रुद्रसेन' असे वाचले. 'सेन' स्पष्ट होते. पुढची अक्षरे पुसट होती.

पुढे १९३९ साली विदर्भात वाशीम येथे वाकाटकांचा एक ताम्रपट सापडला. वाशीम म्हणजेच प्राचीन वत्सगुल्म नगर. त्या ताम्रपटात प्रवरसेनाच्या पुत्राचे नाव 'सर्वसेन' असे स्वच्छ कोरलेले होते. नागपूरचे विख्यात पंडित वासुदेव विष्णू मिराशी यांनी अजिंठ्याच्या लेखाचा पुन्हा अभ्यास केला. असा अभ्यास कसा करतात, हे जाणण्यासारखे आहे. ओला कागद दगडावर पसरून तो कुंचल्याने हळूहळू ठोकतात, म्हणजे तो कोरलेल्या खाचांत शिरतो. मग त्यावर शाईचा बोळा फिरवितात. सपाट भाग काळा होतो आणि अक्षरे पांढरी उमटतात. या ठशावर एकेक रेघ, एकेक वळण ताडून पाहावे लागते. ही रेघ अक्षराची की दगडाच्या तड्याची, याचा निर्णय करावा लागतो. मिराशींनी दाखवून दिले, की अजिंठ्याच्या लेखातील ते नाव 'रुद्रसेन' नसून 'सर्वसेन' हेच आहे. त्यांचे हे नवे वाचन १९४१ साली प्रसिद्ध झाले.

दोन अक्षरांचाच हा फरक. पण त्याने केवढे काम केले! वाकाटकांच्या घराण्याची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथे राज्य करीत होती, आणि अजिंठ्याचे लेणे करविणारा वराहदेव त्याच शाखेतील राजाचा मंत्री होता, हे त्यामुळे निश्चित झाले. विदर्भातील वाशीम आणि अजिंठा यांचे शेकडो वर्षे विसरलेले नाते पुन्हा जुळले. अक्षराचे एखादे वळण चुकीचे वाचले, तर एक राजा इतिहासातून नाहीसा होतो. ते बरोबर वाचले, तर तो आपल्या जागी परत येतो.

आता आपल्या 'क' कडे वळू. वाकाटकांचा पेटीवाला 'क' हा आपल्या देवनागरी 'क' ची आई नव्हे; तो तिच्या बहिणीच्या घरचा. ब्राह्मीच्या लेकी पुष्कळ झाल्या. दक्षिणेकडे गेलेल्या शाखेतून पुढे कन्नड आणि तेलुगू लिप्या घडल्या. उत्तरेकडील शाखेतून कालांतराने नागरी जन्माला आली. उत्तरेतही 'क' चे दोन्ही हात खाली वळले होते. मग एके दिवशी, म्हणजे खरे तर शे-दोनशे वर्षांच्या लेखनात, डावा हात वळता वळता उभ्या रेघेला जाऊन मिळाला. त्याचे वाटोळे पोट झाले. उजवा हात मात्र मोकळाच राहिला. माथ्यावरचे ठिपके रुंदावत जाऊन एकमेकांना मिळाले आणि शिरोरेषा झाली. असा आजचा 'क' सिद्ध झाला. तुम्ही 'क' लिहा आणि त्याची शिरोरेषा बोटाने झाका. मधला दंड आणि त्याला छेदून जाणारी रेघ नीट पाहा. कटहादीचा 'क' अजूनही तेथेच आहे. फक्त त्याचे हात वाकले आहेत.

राष्ट्रकूटांच्या काळापासून, म्हणजे आठव्या शतकापासून, दख्खनमध्ये नागरी लिपी दिसू लागते. अजिंठ्याच्याच डोंगररांगेच्या पायथ्याशी, चाळीसगावजवळ पाटणे येथे तेराव्या शतकाच्या आरंभीचा एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला, त्याची ती नोंद. त्या लेखाचा काही भाग मराठीत आहे. म्हणजे आपली मायबोली आणि आपली नागरी या दोघींची तेथे भेट होते.

पुढे कागद आला आणि बोरूची लेखणी आली. बोरूचे टोक तिरके कापलेले असते. त्यामुळे एका दिशेची रेघ जाड, तर दुसऱ्या दिशेची बारीक उमटते. 'क' चे पोट एके ठिकाणी भरदार आणि दुसरीकडे नाजूक दिसते, ते या तिरक्या कापामुळे. कचेऱ्यांतील लेखनिकांना मात्र घाई असे. ते आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेत आणि मग हात फारसा न उचलता तिच्याखाली झरझर अक्षरे लिहीत. ती आपली मोडी लिपी. ग्रंथ लिहावयाचा तो मात्र बाळबोधीत, सावकाश आणि सुवाच्य. श्रीसमर्थ रामदासांनी दासबोधात लेखनासाठी एक संपूर्ण समास दिला आहे. अक्षरे वाटोळी व सुटी असावीत, ओळी सरळ असाव्यात, पानाच्या चहूकडे मोकळी जागा सोडावी, आणि ग्रंथाच्या पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकच टाक चालला आहे असे वाटावे, असा त्यांचा उपदेश आहे. देवाचे नाव लिहावयाचे असो वा घरचा हिशेब, अक्षर नेटके असावे, हा संस्कार महाराष्ट्रात असा जुना आहे.

नंतर छापखाने आले. शिशाच्या खिळ्यांत अक्षर बसविणाऱ्या कारागिरांनी बोरूचेच वळण पुढे ठेवले. मुंबईत जावजी दादाजी यांच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे त्यांच्या रेखीवपणासाठी देशभर नावाजले गेले. आणि आता अक्षर संगणकाच्या पडद्यावर आले आहे. र. कृ. जोशी हे महाराष्ट्रातील नामवंत सुलेखनकार. त्यांनी संगणकासाठी 'मंगल' नावाचा देवनागरी टंक घडविला. छिन्नी गेली, बोरू गेला, खिळाही गेला. पण 'क' चा दंड, पोट आणि वळसा यांची जागा ढळली नाही.

आपल्या 'क' ने परदेशचा प्रवासही केला आहे. सातव्या शतकात ह्युएनत्संग नावाचा चिनी यात्रेकरू भारतात आला होता. तो महाराष्ट्रातही आला. येथील पूर्वेकडील डोंगरातल्या एका भव्य विहाराचे वर्णन त्याने केले आहे. अचल नावाच्या सत्पुरुषाने तो विहार करविला आणि त्याच्या दाराबाहेर दगडी हत्ती आहेत, असे तो सांगतो. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील लेखात स्थविर अचलाचे नाव येते, आणि सोळाव्या लेण्याच्या पायऱ्यांशी दोन दगडी हत्ती आजही उभे आहेत. म्हणून हे वर्णन अजिंठ्याचेच असावे, असे पुष्कळ विद्वान मानतात.

ह्युएनत्संगाने परत जाताना शेकडो संस्कृत ग्रंथ बरोबर नेले. अशा ग्रंथांबरोबर भारतीय अक्षरे चीनमध्ये पोहोचली. तेथे आधीपासूनच अक्षरांना चित्राइतका मान होता. चिनी अक्षरांची कथाही आपल्या 'क' सारखीच आहे. फार प्राचीन काळी, हाडांवर अक्षरे कोरीत तेव्हा, सूर्य म्हणजे एक वाटोळे आणि मध्ये ठिपका असे. पुढे कुंचल्याच्या सोयीने वाटोळ्याचा चौकोन झाला आणि ठिपक्याची आडवी रेघ झाली. 'दहा' या अक्षरात प्रथम एकच उभी रेघ होती. तिच्या मध्यावर ठिपका आला, आणि ठिपका पसरून आडवी रेघ झाली. तेव्हा चिनी 'दहा' आणि ब्राह्मी 'क' यांचे रूप सारखे असले, तरी त्यांची कुळे निराळी आहेत. एक आकड्याचे चिन्ह, दुसरे ध्वनीचे. वाटेत भेटलेल्या दोन अनोळखी माणसांचे चेहरे योगायोगाने सारखे असावेत, तसेच हे.

चीनमध्ये सुलेखन शिकणारी मुले 'चिरंतन' या अर्थाचे एक अक्षर पुनःपुन्हा गिरवितात. कारण कुंचल्याचे आठ मुख्य फटकारे त्या एकाच अक्षरात साधतात. मौज अशी, की आपल्या 'अक्षर' या शब्दाचा अर्थही तोच: जे झिजत नाही, नाश पावत नाही ते! चिनी भिक्षूंनी भारतीय अक्षरेही कुंचल्याने लिहिली. त्या लिपीला 'सिद्धम्' म्हणतात. जपानमधील कूकाई नावाचा भिक्षू ८०४ साली चीनला गेला आणि ८०६ साली ही विद्या घेऊन मायदेशी परतला. जपानमधील बौद्ध मंदिरांत सिद्धम् अक्षरे आजही भक्तिभावाने रेखाटली जातात. त्यांतील 'क' पाहिला, तर तो आपल्या 'क' चा चुलतभाऊ आहे हे तुम्ही सहज ओळखाल. आणखी एक गोष्ट ऐका. जपानी मुले आपली वर्णमाला म्हणू लागली, की स्वरांची ओळ संपताच 'का' ची ओळ येते, मग 'सा', 'ता', 'ना'. स्वर आधी आणि व्यंजनांत 'क' पहिला, हा क्रम त्यांनी भारतीय वर्णमालेवरूनच घेतला.

आता पुन्हा एकदा दहाव्या लेण्यात येऊ. तेथे कटहादीच्या लेखाखेरीज आणखी एक नाव आहे. १८१९ सालच्या एप्रिल महिन्यात जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीसाठी या रानात आला होता. आसपासच्या गावकऱ्यांना ही लेणी ठाऊक होतीच; पण बाहेरच्या जगाला त्यांची वार्ता त्याच्यामुळे लागली. त्या वेळी लेण्यात मातीदगडांचा ढीग साचला होता. त्या ढिगावर उभे राहून त्याने खांबावरील प्राचीन चित्रावरच आपले नाव आणि '२८ एप्रिल' ही तारीख चाकूने ओरखडली. पुढे ढीग उपसला गेला. आता ते नाव उभ्या मनुष्याच्या डोक्याहूनही उंच आहे.

एकाच लेण्यात दोन नावे आहेत. दोन्ही माणसांना आपले नाव राहावे असे वाटले असेल. पण एकाने दान देऊन नाव कोरविले. दुसऱ्याने दुसऱ्याच्या कलेवर नाव ओरखडले. कटहादीच्या मोजक्या शब्दांवरून आपल्याला दोन हजार वर्षांपूर्वीची भाषा, लिपी आणि लोकांची उदारता कळते. स्मिथच्या ओरखड्यावरून एका दिवसाची तारीख तेवढी कळते, आणि त्याची किंमत म्हणून चित्राचा एक तुकडा कायमचा गेला. खेदाची गोष्ट ही, की त्याच्या मागून आलेल्या कित्येकांनी कटहादीचा कित्ता न गिरविता स्मिथचाच गिरविला. किल्ल्यांच्या तटांवर, लेण्यांच्या भिंतींवर कोळशाने, खिळ्याने, रंगाने लिहिलेली नावे आपण पाहतोच. १९८३ साली अजिंठ्याची गणना जागतिक वारशात झाली. परंतु वारसा कागदावर नोंदवून राखला जात नाही. तो पाहणाऱ्याच्या हाताच्या संयमाने राखला जातो. झिजलेल्या एका अक्षरावरून सर्वसेन राजाचा शोध लागला, हे आपण आताच वाचले. त्या अक्षरावर कोणी आपले नाव ओरखडले असते, तर?

अक्षरे लिहिण्यासाठी आपल्याला वही आहे. तिच्यावर उद्या 'क' काढाल, तेव्हा तो जरा सावकाश काढा. त्याचा दंड सरळ येऊ द्या, पोट वाटोळे भरू द्या, वळसा मोकळा सोडा. अशोकाच्या लेखनिकाने, अजिंठ्याच्या पाथरवटाने, पाटण्याच्या शिलालेखकाराने, बोरू कापणाऱ्या कारकुनाने आणि खिळे घडविणाऱ्या कारागिराने हातोहात सांभाळून आणलेले हे अक्षर आज तुमच्या हाती आलेले आहे.

स्वाध्याय

१. ब्राह्मी लिपीतील 'क' कसा दिसत असे? त्यापासून आजचा 'क' कोणत्या क्रमाने घडला, ते सांगा. प्रत्येक पायरीचे चित्र काढा.

२. 'दानं' हा शब्द प्रिन्सेपने कोणत्या तर्काने ओळखला?

३. 'रुद्रसेन' याऐवजी 'सर्वसेन' असे वाचल्यामुळे इतिहासात कोणती गोष्ट निश्चित झाली?

४. लिहिण्याचे साधन बदलले, की अक्षराचे रूप बदलते. पाठातील तीन उदाहरणे द्या.

५. कटहादि आणि जॉन स्मिथ यांच्या नावांत लेखकाने कोणता भेद दाखविला आहे? तुम्हांला तो पटतो का? दहा ओळींत लिहा.

६. तुमच्या गावाजवळील देवळात, किल्ल्यात किंवा विहिरीवर एखादा जुना लेख असल्यास तो गुरुजींबरोबर पाहून या. लेखाला हात न लावता त्यातील 'क' शोधा आणि वहीत उतरवून घ्या.